चांगल्या डोळ्यावर पट्टी

बुधवार, १८ सप्टेंबर २०२४

आज यवतमाळहून आलं ते असं —
खुशीचा चष्मा, एक — ११००
डोळ्यावर चिकटवायच्या पट्ट्या, वीसची पेटी, दोन — ७६०
डॉक्टरीणबाईंची फी — ३००
एसटी, दारव्हा ते यवतमाळ जाऊन-येऊन, बाई म्हणून माझं अर्धं अन् लहान म्हणून खुशीचं अर्धं — १६०
केळी — २०
घरी आल्यावर बोलणी — फुकट.

सासूबाई दारातच उभ्या. "पितरपाटात नवी वस्तू घरात आणते का कोनी?"
म्हटलं, आत्याबाई, वस्तू नाही, औषध आहे.
"त्याले कायचं औषध? लक्ष्मीचा डोया हाय तो."

हेच. सहा वर्षं हेच ऐकते आहे. खुशीचा डावा डोळा जन्मापासून जरासा नाकाकडे वळलेला. पोरीचा असा किंचित तिरळा डोळा म्हणजे आमच्याकडे लक्ष्मीचा डोळा. ज्या घरात असेल त्या घरात बरकत. सासूबाईंचा स्वतःचाही डावा डोळा तस्साच, म्हणून नात झाली तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. माझ्या वळणावर गेली म्हणून मिरवलं.

मागच्या पंधरवड्यात शाळेत तपासणीची गाडी आली. पहिलीच्या पोरांचा एकेक डोळा झाकून चित्रं ओळखायला लावली. डावा झाकला तर खुशीने धडाधड सांगितलं — छत्री, मासा, घर. उजवा झाकला तर म्हणाली, "बाई, लाइट गेली." वर्ग हसला. तपासणाऱ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठी दिली.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. डोळा वळलेला, त्यात नंबर मोठा. त्याच्याकडून धड चित्र येत नाही म्हणून मेंदूने त्याचं ऐकणंच सोडून दिलं. आळशी डोळा म्हणतात. आता रोज सहा तास चांगला डोळा झाकायचा, म्हणजे मेंदूला या डोळ्याचं ऐकावंच लागेल. काही महिने चालेल. आठ-नऊ वर्षांची झाली की मग अवघड. तीन वर्षांची असताना आणली असती तर सोपं होतं, म्हणाल्या.

मी म्हटलं, दुखत नव्हतं, रडत नव्हती, कशाला आणणार?
"ताई, डोळा दुखत नाही. नुसता जातो. म्हणून तर दुखत नसताना दाखवायचा."

बसमध्ये खुशी मांडीवर झोपली. मी दारव्ह्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होते, पण काय बघितलं ते विचारलं तर सांगता यायचं नाही. सहा वर्षं माझ्या पोरीने जग एका डोळ्याने पाहिलं, अन् आम्ही त्या दुसऱ्या डोळ्याची आरती ओवाळत होतो.


गुरुवार, १९ सप्टेंबर

पहिली पट्टी. उजव्या डोळ्यावर चिकटवली, वरून चष्मा. उठली ती उंबऱ्याला अडखळली. बादली उलटली. जेवताना हात ताटाच्या बाहेर. "मम्मी, काढ ना वं. अंधार हाय."

सासूबाई सुपात तूर पाखडत होत्या. सूप आपटलं. "चांगला डोया बंद करून ठेवला अन् म्हंते औषध! पोट्टीले आंधयी करून राह्यली हे."

मी म्हटलं, "आंधळी मी केली नाही आत्याबाई. होती, ती आज दिसली."

बोलून गेले. संध्याकाळी दिवा लावेपर्यंत राग उतरला नाही.  आज गुरुवार, माझा उपास. उपासाच्या दिवशी राग करू नये म्हणतात. ज्यांनी हे सांगितलं त्यांच्या घरी सासू नसेल.


रविवार, २२ सप्टेंबर

दोन तास राहिली पट्टी. ती ओरडली. मी ओरडले. मामाजी, म्हणजे माझे सासरे पुंडलिकराव, खाटेवरून म्हणाले, "सूनबाई, मायाबी एक डोया झाक. तुह्या सासूचं अर्धंच तोंड दिसन."
सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पांघरूण ओढून पडले.


मंगळवार, २४ सप्टेंबर

बसंतीबाई शेजारून ताक मागायला आली. ताक घेतलं अन् खुशीकडे बोट करून म्हणाली, "काहून वं, पोट्टीची लक्ष्मी झाकून ठेवली का? चोर येतीन म्हणून?" अन् खी खी हसली.

म्हटलं, लक्ष्मी उघडीच आहे, झाकला तो दुसरा डोळा.
"मंग त आणखीनच वाईट. दोन्ही डोयांनी मिळून पाह्यलं त लक्ष्मी."

या गावात डोळ्याचे डॉक्टर घराघरात आहेत. फी घेत नाहीत, म्हणून शहाणे.

सासूबाईंचं या डोळ्यामुळे गावात किती आहे ते मी अठरा वर्षं पाहते आहे. त्या सून म्हणून आल्या त्याच वर्षी वावरातल्या विहिरीला पाणी लागलं. तेव्हापासून कोणाचं दुकान उघडो, कोणाचा ट्रॅक्टर येवो, नारळ त्यांच्या हातचा. पेरणीची पहिली मूठ त्यांची. मैनाबाईची, म्हणजे आमच्या सासूबाईंची, नजर पडली की झालं. माणसं वाकून पाया पडतात. आता त्यांचं वय झालं, अन् ती गादी खुशीकडे जायची आहे. ही सगळी खटपट त्या गादीसाठी आहे. पोरीला दिसतं की नाही याची पर्वा कोणाला?

खुशीच्या बाबांना म्हटलं, तुम्ही तरी आईंना समजवा. वर न बघता म्हणाले, "आई म्हंते त सणावारापुरती काढून ठेव. दोन-चार दिसानं काय फरक पडते?"

दोन-चार दिवस, दोन-चार दिवस करत सहा वर्षं गेली म्हटलं. हे उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. बैलांना दिवसभरात इतकं पाणी कधी लागत नाही, माझं बोलणं सुरू झालं की लागतं.


शनिवार, २८ सप्टेंबर

जेवताना मामाजींच्या दाढेखाली खडा आला. कटकन. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नातीच्या डोयाची काळजी, डायीतल्या खड्याची नाई."

राग आला, पण महिन्याभरात तिसऱ्यांदा आला हा खडा. मी ताट घेऊन उजेडात बसले. डाळ हातभर लांब धरली तर नीट दिसते, जवळ धरली तर नुसतं पिवळं. डॉक्टरीणबाई त्या दिवशी म्हणाल्या होत्या, ताई, चाळिशी आली, तुमचेही तपासू. मी म्हटलं होतं, माझे चांगले आहेत. सुईत दोरा मी खुशीकडून ओवून घेते. तिच्याकडून! एका डोळ्याच्या पोरीकडून.

यवतमाळला पुढच्या खेपेला माझेही तपासून घेईन. पैसे जातील. जाऊ देत. दाढ पडली तर जास्त जातील.


गुरुवार, ३ ऑक्टोबर

घट बसले. नऊ दिवस अखंड दिवा. देवीसमोर बसून मी तिच्याशीच भांडले. मनातल्या मनात, घरात ऐकायला येऊ नये म्हणून.

म्हटलं, तुझ्या नावाने लोक माझ्या पोरीचा डोळा अंधारात ठेवायला निघाले अन् तू बघतेस. तुझे तर दोन्ही डोळे टपोरे. मूर्तिकार सगळ्यात शेवटी डोळे उघडतो म्हणतात, डोळ्यांशिवाय मूर्तीची पूजा होत नाही. मग पोरीची कशी होते?

 भांडून उठले तेव्हा बरं वाटलं.

सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, सुरू झाली. सकाळी पट्टी लावून मी वावरात जाते, पोर शाळेतून बाराला येते, मी चारला. दुपारी ती आजीजवळ. निघताना रोज बजावते, आत्याबाई, काढू नका. त्या मान हलवतात. हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत.


शुक्रवार, ११ ऑक्टोबर

अष्टमी. देवळात नऊ कुमारिकांचं पूजन. खुशी त्यात दरवर्षी पहिली. आज पट्टी लावूनच नेली. सासूबाई घरूनच म्हणाल्या होत्या, "अशी नेशीन त मी येत नाई." नाही आल्या.

देवळात कुजबुज झाली. एक म्हातारी म्हणाली, झाकल्या डोळ्याची कुमारिका चालते का? मी म्हटलं, झाकलेला उघडता येतो, दुसरा उघडला नाही तर काय कराल? पुजाऱ्याने गुपचूप खुशीच्या पायावर पाणी घातलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणत होते लोक?"
"काही नाही. पाया पडले."
त्या जेवल्या नाहीत.


मंगळवार, १५ ऑक्टोबर

नणंदेचा, सुरभीचा, फोन उमरखेडहून. आवाजात नुसता आनंद. "वहिनी, आमच्या छकुलीचा डोया वयून राह्यला वो! डावाच. माया सासूनं पुरणाचा स्वयंपाक केला. माहेरची लक्ष्मी आली म्हंते." छकुली दीड वर्षाची.

मी म्हटलं, सुरभी, ऐक माझं. पुरण खा, पण तिला उद्याच डोळ्याच्या डॉक्टरकडे ने. इतक्या लहानपणी नेलं तर पुष्कळ होतं. आमच्या खुशीला —

तेवढ्यात तिकडून तिची सासू बोलली. फोन स्पीकरवर होता. तिकडे नेहमीच असतो, मला सुचलं नाही. "आमच्या घरी लक्ष्मी आली त तुमच्या पोटात दुखून राह्यलं का?"

सुरभीने फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलत नाही.

सासूबाई कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होत्या. मला वाटलं, आता लेकीची बाजू घेऊन माझ्यावर तुटून पडतील. पण त्या वाती वळत राहिल्या.


रविवार, २० ऑक्टोबर

आजचं लिहिताना पेन कागदातून आरपार जाईल असं वाटतं.

कपाशी फुटली. आज सीतादही. पहिला कापूस वेचायच्या आधी धुऱ्याजवळ, वावराच्या बांधावर, पाच दगडांना शेंदूर लावायचा, दहीभाताचा निवद दाखवायचा, मग घरच्या भाग्यवान बाईने पहिलं बोंड वेचायचं. इतकी वर्षं सासूबाई वेचत. यंदा त्यांनी आधीच जाहीर केलं होतं, खुशी वेचणार.

मला चतुर्थीचा उपास. दहीभात करून, डबा डोक्यावर घेऊन मी मागून पोचले. धुऱ्यावर सगळे जमलेले. बसंतीबाई, सासऱ्यांचे चुलतभाऊ वामनराव, अन् चार शेजारी. मधे खुशी. पट्टी नाही. चष्माही नाही. कपाळाला कुंकू, दोन्ही डोळे उघडे, सासूबाई तिचा हात धरून उभ्या.

निवद होईपर्यंत मी तोंड दाबून धरलं. देवाचं आधी. खुशीने बोंड वेचलं, सगळ्यांनी हात जोडले. वामनराव म्हणाले, "वा! मैनाबाईची नजर गेली नाई अजून या घरातून."

मग मी विचारलं, पट्टी कोणी काढली?
सासूबाई म्हणाल्या, "एक दिवस. सणाचा एक दिवस बी नाई का?"

अन् खुशी, माझी पोर, आपल्या आजीची बाजू सांभाळत म्हणाली, "मम्मी, आजी रोजच काढते. तू यायच्या टायमाले लावून देते. आजी चांगली हाय."

रोजच.

म्हणजे मी वावरात कंबर मोडून सोयाबीन सोंगत होते, अन् घरी रोज दुपारी पोरीचा डोळा पुन्हा झोपवला जात होता. आता कळलं पट्टीची कड रोज सुटलेली का असायची. मला वाटायचं, घामाने.

मी बोलले. सगळ्यांदेखत बोलले, दहीभाताचं पातेलं हातातच होतं. म्हटलं, "आत्याबाई, लक्ष्मी जिथे बसते ती जागा अंधारी असते का? घरातल्या देव्हाऱ्यात तरी तुम्ही दिवा लावता. पोरीच्या डोळ्यातला दिवा रोज दुपारी विझवलात. कशासाठी? उद्या हिने तुमच्यासारखे नारळ फोडत हिंडावं म्हणून?"

सासूबाई म्हणाल्या, "तुया हातात पेन हाय, दहावी हाय, म्हणून तू खरी? पोट्टी रडते माया मांडीवर. आजी, अंधार हाय, अंधार हाय म्हंते. मी आयकू शकत नाई ते. तुले काय मालूम —" अन् तिथेच थांबल्या.

"काय मालूम नाही मला?" मी विचारलं. त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला.  मला वाटलं, जिंकले.

यांनी माझ्या हातातून पातेलं घेतलं अन् म्हणाले, "घरी चाल आता." बस, एवढंच. चार माणसांत बायको बोलली याची लाज वाटली यांना. पोरीच्या डोळ्याची नाही वाटली.

चतुर्थीचा उपास चंद्र उगवल्यावर सोडतात. मी सोडलाच नाही.


सोमवार, २१ ऑक्टोबर

आजपासून खुशी शाळेतून थेट माझ्याजवळ वावरात. झाडाखाली पाटी, पेन्सिल, चिंचोके. पट्टी माझ्या डोळ्यांदेखत. रडली तर रडू दे. मी वेचता वेचता गाणी म्हणते, ती चिंचोके मोजते, चुकते, पुन्हा मोजते.

सासूबाईंशी बोलणं बंद. ताट वाढते, सरकवते.


बुधवार, ३० ऑक्टोबर

यवतमाळ. फेरतपासणी.

डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, "सहा आठवड्यांत एकच रांग वाढली? पट्टी पूर्ण वेळ लावता का?" बोलणी मी खाल्ली. काय सांगणार, घरात चोरी होत होती? सांगितलं शेवटी. त्या म्हणाल्या, अजून वेळ गेलेली नाही, पण असा आणखी महिना वाया घालवण्याइतका वेळही नाही.

मग विचारलं, घरात आणखी कोणाचा डोळा असा आहे? सासूबाईंचं सांगितलं, छकुलीचं सांगितलं. म्हणाल्या, हे घराण्यात चालतं. त्या बाळाला लगेच दाखवायला हवं. "अन् सासूबाईंना त्या डोळ्याने दिसतं का?"

 अठरा वर्षं एका चुलीवर जेवतो. हे मी कधी विचारलंच नाही. कोणीच विचारलं नसेल. लक्ष्मीला दिसतं का असं कोण विचारतं?

"आणा त्यांना. साठीनंतर दरवर्षी बघायला हवं, मोतीबिंदू, काचबिंदू काही असलं तर कळतं. तुमच्या यजमानांनाही आणा." यजमानांना! बैलांना आणणं सोपं.

माझे तपासले. जवळचा नंबर निघाला. चष्मा साधाच घेतला. पट्ट्यांची वीसची एक पेटी घेतली.

घरी येऊन दहा दिवसांनी पहिल्यांदा सासूबाईंशी बोलले. डॉक्टरीणबाईंनी बोलावलं आहे, म्हटलं.
"माये डोये तुयाहून चांगले हाय. चष्मा तुले लागला, मले नाई."

 माझ्या नाकावर पुरावा होता.


रविवार, ३ नोव्हेंबर

भाऊबीज. सुरभी आली नाही. गल्लीत सगळ्यांच्या बहिणी, यांचा पाट रिकामा. हे दिवसभर माझ्यावर चिडलेले. "तुया फोनमुळे."

ठीक. माझ्या फोनमुळे. छकुलीच्या डोळ्यामुळे नव्हे. सासूबाई तिन्हीसांजेपर्यंत रस्त्याकडे तोंड करून ओट्यावर बसल्या होत्या.


गुरुवार, ७ नोव्हेंबर

आज रागाचं काही नाही.

दुपारी खुशी पट्टी लावून भिंतीसमोर उभी होती. भिंतीवर कॅलेंडर. म्हणाली, "मम्मी, सात." मी वाटण करत होते. काय सात? "आजची तारीख. सात. बाजूले आठ." हात पुढे करून तिने आकड्यावर बोट ठेवलं. बरोब्बर सातावर.

मी वरवंटा टाकून उठले. आणखी विचारलं. नऊ सांगितले, दहा सांगितले. लहान अक्षरं नाही येत अजून. पण आकडे! त्या डोळ्याने!

दारात सासूबाई उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. खुशीजवळ आल्या, पट्टीवरून बोट फिरवलं, कड नीट चिकटलेली आहे का पाहिलं. "खरंच का वं? याच डोयानं?"
"हो आजी. आधी कायं होतं, मंग धुकं झालं, मंग सात झालं."

सासूबाई तिथेच खाली बसल्या. भिंतीला टेकून. 


शनिवार, ९ नोव्हेंबर

पेटीत दहा पट्ट्या हव्यात. सात आहेत.

खुशीला विचारलं, बाहुलीला लावल्या का? "मी नाई नेल्या." ओरडले तिच्यावर. रडली, पण नाही नाही म्हणत राहिली. यांना विचारलं तर म्हणे, "मले काय टायरच्या पंचरले लावाच्या हाय?"

मग राहिलं कोण? पुन्हा तेच सुरू झालं का? पट्ट्याच संपवून टाकायच्या म्हणजे प्रश्न मिटला! ही बाई काही सुधारायची नाही. उद्यापासून पेटी माझ्या ट्रंकेत, कुलपात. अन् हाती लागली तर या वेळी पातेलं हातात नसेल.


मंगळवार, १२ नोव्हेंबर

कुलूप लावायच्या आधीच आणखी एक गेली.


शुक्रवार, १५ नोव्हेंबर

दुपारी गोठ्यात गेले, शेण काढायला. सासूबाई तिथे. भिंतीला हात लावून एकेक पाऊल टाकत होत्या, गाईच्या दाव्यापाशी येऊन चाचपडल्या. उजव्या डोळ्यावर खुशीची पट्टी.

दोन हातांवर मी उभी, अन् त्यांनी विचारलं, "कोन हाय?"

मी म्हटलं, मी आहे आत्याबाई.

पट्टी काढली नाही. तशाच खाली बसल्या. म्हणाल्या, "न्हानपणापासून अंधार हाय या डोयात. कोनाले सांगतलं नाई. तुया मामाजीले बी नाई. लक्ष्मी म्हणून आणलं होतं ना मले या घरात, मंग कशी सांगू?" पुढे म्हणाल्या, "खुशी अंधार हाय म्हणून रडे त मायाच्यानं पाहणं होये नाई. तिचं उघडून राह्यलं. म्हणून म्हटलं, आपलाबी पाहू. आठ दिवस झाले. कायं त कायंच हाय. उघडन का वं मायाबी?"

इतका राग साठवून ठेवला होता मी.  पदराने त्यांचा डोळा पुसला, पट्टी सोडवली. म्हटलं, सोमवारी यवतमाळला जाऊ. हा नाही तर नाही, पण दुसरा तरी दाखवू. एकटाच आहे तो.

त्या म्हणाल्या, "ते होईन मंग. आधी सुरभीले लिही. फोन नोको, तिकडे फोन सगये आयकते. पाकिटात घाल, तिच्याच नावानं."

त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. भाषा तेवढी माझी, सांगणं सगळं त्यांचं —

सुरभी, तुझ्या आईला, मला, डाव्या डोळ्याने कधीच दिसलं नाही. खोटं नाही सांगत. खुशीला आता त्या डोळ्याने आकडे वाचता येतात. कोणी काही म्हणो, छकुलीचा डोळा दाखव. मी आयुष्यभर गप्प राहिले, तू राहू नको. दाखवलास का, डॉक्टर काय म्हणाले, ते उलट टपाली कळव.